दाराच्या तळाशी बसलेला गंज
रत्नागिरीत जुनी मारुती ८०० सांभाळायची म्हणजे गंजाशी कायमची झटापट. खारा वारा आहेच, पण खरा घात होतो दाराच्या खालच्या कडेला. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतं आणि तळाची बारीक भोकं चिखलाने बुजली की तिथेच साचतं. पावसाळ्याआधी ती तारेने मोकळी करा.

रंगाला फोड आला की टोकरून बघाच. वर वाटाण्याएवढा, आत रुपयाएवढा! ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. गंजावरच पुट्टी थापणारे महाभाग भेटतात. पुढच्या पावसात ती खपलीसारखी हातात येते. पत्रा आरपार गेला असेल, तर मात्र कापून नवा तुकडा वेल्ड करणंच आलं.