वर्म गिअर : फिरवणारा एक, फिरणारा दुसरा

वर्म गिअरमध्ये मुख्य भाग दोनच. स्क्रूसारखे आटे पाडलेला दंड म्हणजे वर्म आणि त्या आट्यांत दाते अडकवून बसलेले ते वर्म व्हील. दोघांचे अक्ष काटकोनात असतात, पण एकमेकांना छेदत नाहीत. वर्म चाकाच्या कडेला आडवा बसतो. मोटर किंवा हँडल सहसा वर्मलाच जोडतात. वर्म फिरला की आटा दात्याला पुढे रेटतो.

एका आट्याच्या वर्मचा एक फेरा झाला की चाक फक्त एक दाता सरकते. चाकाला ४० दाते असतील, तर मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर ते मिनिटाला ३६ फेरेच घेते. वेग घटतो तसा पीळ वाढतो, अर्थात घर्षणात जाणारा वाटा सोडून. साध्या गिअरने एवढी घट एकाच टप्प्यात साधायची, तर १२ दात्यांच्या लहान चाकापुढे ४८० दात्यांचे चाक लावावे लागेल.

या जोडीचा खरा गुण वेगळाच आहे. आट्याचा चढ अगदी कमी, साधारण पाच अंशांच्या आत असेल, तर वर्मने चाक फिरते, पण चाकाने वर्म फिरत नाही. चाकावर भार आला की दाते आट्यावर दाबले जातात, मात्र घर्षण त्यांना घसरू देत नाही. गिटारची खुंटी पाहा : तार सतत ओढत असते, तरी खुंटी जागची हलत नाही. सतारीची लाकडी खुंटी नुसती भोकात आवळून बसलेली असते, म्हणून ती अधूनमधून सरकते. तरीही या गुणावर जीव टांगणे शहाणपणाचे नाही. कंपनाने आणि तेलाने पकड सुटू शकते. म्हणून लिफ्टच्या मशीनला वर्म गिअर असला तरी ब्रेक स्वतंत्रच लागतो.

या पकडीची किंमत विजेत मोजावी लागते. साध्या गिअरचे दाते एकमेकांवर बरेचसे लोळतात. इथे आटा दात्यावर सतत घासतो. उलट न फिरणाऱ्या जोडीत निम्मी किंवा त्याहून जास्त शक्ती उष्णतेत जाते, म्हणूनच अशा गिअरबॉक्सच्या अंगावर अनेकदा कंगोरे दिसतात. चढ वाढवून चार आट्यांचा वर्म केला, तर कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते, पण पकड जाते. वर्म कठीण पोलादाचा आणि चाक फॉस्फर ब्रॉन्झचे करतात. दोन्ही पोलादाचे असले तर घासून एकमेकांना चिकटण्याची भीती. झिजायचे ते चाक झिजते. ऑइलही कोणतेही चालत नाही, कारण गंधकाची काही मिश्रणे ब्रॉन्झला खातात.

मोठ्या जलवाहिनीवरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. तो झटकन मिटला तर पाण्याचा दणका पाइप फोडू शकतो, म्हणून हँडव्हील वर्ममधून फिरवतात. मोटारीच्या वायपरमध्ये छोटा वर्म असतो. गॅसच्या नळीवरची क्लिप हाही त्यातलाच प्रकार; तिथे चाकाऐवजी खाचा पाडलेली पट्टी असते. मध्ययुगीन भारतात सरकी काढणाऱ्या लाकडी चरकीच्या दोन समांतर रुळांच्या टोकांना असेच आटे कोरत आणि एक रूळ फिरवला की दुसरा उलट फिरे.

नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये मात्र गिअरलेस मशीन वाढत आहेत. त्यात विजेची बचत हे मोठे कारण आहे.