कलेजी खावी, पण किती?

नारायणगाव परिसरात जत्रांचा हंगाम आला की घरोघरी मटण शिजते. कलेजीचे तुकडे मात्र अनेक घरांत पुरुषांच्या ताटात जातात. खरी गरज बायकांना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला.

कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते. तिच्याच छातीच्या मांसात एक मिलिग्रॅमही नसते. शिवाय मांसातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी लवकर लागते. रक्त तयार होण्यासाठी लागणारे बी-१२ आणि फोलेटही कलेजीत भरपूर. पर्निशियस अ‍ॅनिमिया कलेजीच्या आहाराने आटोक्यात येतो, या शोधाला १९३४ मध्ये नोबेल मिळाले होते. वजडीत प्रथिने बरी, लोह कमी. भेजा चवीला छान, पण कोलेस्टेरॉल प्रचंड.

कलेजी रोज मात्र नको. त्याच १०० ग्रॅममध्ये 'अ' जीवनसत्त्व सुमारे ३,३०० मायक्रोग्रॅम असते, तर स्त्रीची दिवसाची गरज ८४० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदा छोटी वाटी पुरे. 'अ' जीवनसत्त्व फार झाले तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. त्यामुळे गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कलेजी खाऊ नये. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनीही टाळावी.

कलेजी आतून गुलाबी राहू देऊ नका, पूर्ण शिजवा. सोबत लिंबू किंवा इथलाच टोमॅटो घ्या. 'क' जीवनसत्त्वामुळे बाजरीच्या भाकरीतले लोहही अंगी लागते. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला.