स्त्री-मताधिकार चळवळ आणि आंतरराष्ट्रीय शांतता : १९१५ची हेग परिषद

प्रस्तावना :
स्त्री-मताधिकाराच्या चळवळीचा अभ्यास बहुधा मतदानाच्या हक्कापुरता मर्यादित राहतो. तथापि, या चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात शांततेसाठी केलेले कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. मताधिकार व शांतता या दोन मागण्या त्यांनी परस्परांशी का जोडल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेग परिषद :
आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेचे १९१५चे नियोजित बर्लिन अधिवेशन युद्धामुळे रद्द झाले. तेव्हा डच नेत्या डॉ. अलेटा जेकब्स यांनी पुढाकार घेऊन तटस्थ नेदरलँड्समधील हेग येथे स्त्रियांची परिषद भरविली. २८ एप्रिल ते १ मे १९१५ या काळात १२ देशांतील १,१००हून अधिक स्त्रिया तेथे जमल्या. त्यांत परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांतील स्त्रियाही होत्या. अध्यक्षस्थान अमेरिकेच्या जेन ॲडम्स यांनी भूषविले.

आंतरराष्ट्रीय तंटे शांततेच्या मार्गाने सोडवावेत आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा, ही दोन्ही तत्त्वे मान्य असणाऱ्यांनाच परिषदेत प्रवेश होता. ही अट केवळ औपचारिक नव्हती. युद्धाचे परिणाम सोसणाऱ्या अर्ध्या समाजाला युद्धाच्या निर्णयात कोणताच अधिकार नाही, ही विसंगती तिच्या मुळाशी होती. म्हणूनच तटस्थ राष्ट्रांची अखंड मध्यस्थी, परराष्ट्र धोरणावर लोकशाही नियंत्रण, कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि लोकांच्या संमतीविना प्रदेशांचे हस्तांतर न करणे, असे ठराव संमत झाले. हंगेरीच्या रोझिका श्विमर यांच्या आग्रहामुळे हे ठराव घेऊन प्रतिनिधी युरोपातील शासनकर्त्यांना प्रत्यक्ष भेटले. मध्यस्थी मात्र घडून आली नाही.

भूमिकेची किंमत :
या प्रश्नावर चळवळीतच फूट पडली. ब्रिटनमध्ये मिलिसेंट फॉसेट यांनी परिषदेला विरोध केला. त्यांच्या संघटनेतील अनेक प्रमुख कार्यकर्त्यांनी राजीनामे दिले. अमेरिकेत वेलस्ली महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका एमिली ग्रीन बाल्च यांना युद्धविरोधी कार्यामुळे सुमारे दोन दशकांच्या अध्यापनानंतर नोकरी गमवावी लागली. विचारस्वातंत्र्याची ही कसोटी अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

निष्कर्ष :
१९१९च्या झुरिच परिषदेत या कार्याला ‘शांतता व स्वातंत्र्यासाठी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ’ असे स्थायी रूप मिळाले. व्हर्सायच्या तहातील अटी भावी वैराला कारणीभूत ठरतील, असा इशाराही तेथे देण्यात आला. ॲडम्स यांना १९३१ मध्ये व बाल्च यांना १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हेग परिषद युद्ध थांबवू शकली नाही. परंतु युद्ध व शांततेचा निर्णय मूठभर मुत्सद्द्यांचा नसून समस्त नागरिकांचा आहे, हा विचार तिने ठामपणे मांडला. मताधिकार हे त्या विचाराचेच साधन होते.