मेस्ये ८७

कन्या राशीतील एक प्रचंड विवृत्ताकार दीर्घिका (तारे व त्यांच्यामधील द्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समुच्चय). विषुवांश १२ ता. ३१ मि., क्रांती + १२° २३'. अंतर सुमारे ५·५ कोटी प्रकाशवर्षे. शार्ल मेस्ये या फ्रेंच ज्योतिर्विदांनी १७८१ मध्ये आपल्या यादीत हिची नोंद केली. एन.जी.सी. ४४८६ हे हिचे दुसरे नाव असून रेडिओ उद्गम म्हणून ती ‘कन्या-अ’ या नावाने ओळखली जाते. सिंह राशीतील उत्तरा फाल्गुनी व कन्या राशीतील एप्सायलन या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ ती आहे. एप्रिल-मे महिन्यांत लहान दूरदर्शकातून ती अंधूक, वाटोळ्या ठिपक्यासारखी दिसते (भासमान प्रत ८·६).

साध्या छायाचित्रात ही दीर्घिका निराशच करते. देवयानीतील दीर्घिकेसारखे सर्पिल फाटे, धुळीचे ठळक पट्टे, नवजात निळ्या ताऱ्यांचे पुंजके यांपैकी येथे काही आढळत नाही. मध्यभागी तेजस्वी व कडेला विरत जाणारा, जवळजवळ वर्तुळाकार प्रकाश तेवढा दिसतो. तारे बहुतांशी वृद्ध व तांबूस आहेत. विवृत्ताकार दीर्घिकांचा चपटेपणा परिवलनामुळे आला असावा, ही जुनी समजूत १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या वेगमापनांनी मागे पडली. मोठ्या विवृत्ताकार दीर्घिकांत परिवलन मंद असून तारे मधमाश्यांच्या थव्याप्रमाणे सर्व दिशांना फिरत असतात. अनेक दीर्घिका एकमेकींत मिसळून गेल्यास अशीच स्थिती उद्‌भवावी. मेस्ये ८७ च्या बाबतीत या मिसळण्याचा पुरावा दीर्घिकेच्या तेजस्वी भागापेक्षा तिच्या परिसरात अधिक स्पष्टपणे मिळतो.

आकाशगंगेभोवती सुमारे १५० गोलाकार तारकागुच्छ ज्ञात आहेत. मेस्ये ८७ भोवती त्यांची संख्या १२,००० च्या घरात जाते. यांतील पुष्कळसे गुच्छ गिळंकृत झालेल्या लहान दीर्घिकांबरोबर आले असावेत. तिच्या बाह्य भागातील सुमारे ३०० बिंबाभ्रिकांच्या (वृद्ध ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांच्या) वेगांवरून, गेल्या शंभर कोटी वर्षांत एक मध्यम आकाराची दीर्घिका हिच्यात विलीन झाली, असे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. ज्या कन्या दीर्घिका-गुच्छाच्या मध्यभागी ती आहे, त्यात हजाराहून अधिक दीर्घिका असून तो गुच्छही अद्याप स्थिरावलेला नाही. गुच्छ सरासरी सेकंदाला सुमारे १,००० किमी. वेगाने आपल्यापासून दूर जात असता त्यातीलच मेस्ये ८६ आपल्याकडे येत आहे. अर्थात ती मोठ्या वेगाने गुच्छात कोसळत आहे.

ही दीर्घिका कोट्यवधी अंश तापलेल्या विरल वायूत बुडालेली आहे. वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्याचा शोध अग्निबाण व कृत्रिम उपग्रहांनंतरच लागू शकला. येथे एक पेच निर्माण होतो. क्ष-किरणांच्या रूपाने ऊर्जा गमावणारा केंद्राजवळील वायू शंभर कोटी वर्षांच्या आतच थंड होऊन त्यापासून विपुल तारे निर्माण व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे तारे जवळजवळ नाहीत. याचा अर्थ वायूला कोठून तरी सतत उष्णता मिळत असली पाहिजे.

या उष्णतेचा उगम दीर्घिकेच्या केंद्रात आहे. लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये केंद्रकातून निघणाऱ्या एका सरळ प्रकाशरेषेची नोंद केली होती. त्या वेळी दीर्घिका म्हणजे काय हेच निश्चित नसल्याने तिचा अर्थ लागणे शक्य नव्हते. १९४९ मध्ये हा रेडिओ उद्गम या दीर्घिकेशी जुळविण्यात आला. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांना त्या रेषेच्या प्रकाशात तीव्र ध्रुवण आढळले. त्यावरून हा प्रकाश चुंबकीय क्षेत्रात प्रकाशवेगाच्या जवळपास धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आहे, हे स्पष्ट झाले. सुमारे ५,००० प्रकाशवर्षे लांबीच्या या झोताने वाहून नेलेल्या ऊर्जेमुळे उष्ण वायूत पोकळ्या निर्माण होतात व त्या पाण्यातील बुडबुड्यांप्रमाणे वर चढतात. रेडिओ तरंगांत त्यांचा पसारा दोन लक्षांहून अधिक प्रकाशवर्षे भरतो. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ मध्ये सोडण्यात आलेल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण वेधशाळेने वायूतील आघात तरंगही टिपले आहेत. केंद्राकडे येणारा वायू झोताला बळ देतो आणि झोत त्याच वायूला तापवून त्याचे येणे रोखतो, असे हे स्वनियंत्रण दिसते. ही ऊर्जा वायूत सर्वत्र कशी पसरते, यावर मात्र मतभेद आहेत.

झोताच्या मुळाशी कृष्ण विवर असावे, असा तर्क १९७८ मध्ये ताऱ्यांच्या वेगांवरून करण्यात आला. १९९४ मध्ये हबल दूरदर्शकाने केंद्राभोवती वेगाने फिरणारी वायूची तबकडी दाखविली. पृथ्वीवर दूरदूर असलेल्या रेडिओ दूरदर्शकांनी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी घेतलेल्या वेधांवरून तयार केलेली प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. काळ्या छायेभोवतीचे तेजस्वी कडे दाखविणारी ती कृष्ण विवराची पहिली प्रतिमा होय. त्यावरून विवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट ठरते. त्याच्या घटना क्षितिजाचा व्यास सुमारे ३,८०० कोटी किमी., म्हणजे प्लूटोच्या कक्षेच्या व्यासाच्या साधारण तिप्पट येतो. २०२१ मध्ये याच कड्याच्या प्रकाशातील ध्रुवणाचे मापन प्रसिद्ध झाले व विवराच्या अगदी कडेशी सुसंघटित चुंबकीय क्षेत्र असल्याचे त्यावरून दिसून आले.