एका मण्याची उणीव

बाळाचा पापा घेताना ओठांना मीठ लागते, हे बहुधा आईलाच प्रथम जाणवते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची ही जुनी खूण. घाम अतिशय खारट, फुफ्फुसांत चिकट कफ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि भरपूर खाऊनही अंगी न लागणारे अन्न, असे त्याचे स्वरूप असते.

या आजाराचे जनुक १९८९ साली सापडले. त्याच्या सूचनेनुसार पेशी १४८० अमिनो आम्लांची एक माळ गुंफते. ती नेमक्या घड्या घालून दुमडली, की पेशीच्या आवरणात क्षारांना वाट देणारे दार तयार होते. बहुतेक रुग्णांत जनुकाची अवघी तीन अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे माळेतील ५०८ वा मणी, फेनिलअॅलनीन, नाहीसा होतो. उरलेले १४७९ मणी जागच्या जागी, क्रमानेच असतात. मग एवढा अनर्थ कशाने?

घडी चुकते म्हणून. तो एक मणी प्रथिनाच्या दोन भागांना एकमेकांशी बसवून धरणारा असतो. तो नसला की आकार ढिला राहतो. पेशीत तयार मालाची कसून तपासणी होते. ढिल्या घडीचे प्रथिन तेथेच अडवले जाते आणि मोडीत निघते. आवरणापर्यंत ते क्वचितच पोहोचते.

वास्तविक ते अगदीच निकामी नसते. १९९२ साली संशोधकांनी अशा पेशी शरीराच्या ३७ अंशांऐवजी बऱ्याच कमी तापमानात वाढवल्या, तेव्हा काही प्रथिने नीट दुमडली, आवरणापर्यंत पोहोचली आणि क्षारांना वाट देऊ लागली. माल बराचसा कामाचा होता. तो वखारीच्या दारातच नाकारला जात होता! माणसाला थंड करून ठेवता येत नाही, हे उघडच आहे. पण उपाय कोठे शोधायचा, हे या प्रयोगाने दाखवले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या संयुक्त गोळीला मान्यता मिळाली. त्यांपैकी एलेक्साकॅफ्टर व टेझाकॅफ्टर ही दोन औषधे प्रथिनाला चिकटून त्याची घडी सावरतात. तिसरे, आयव्हाकॅफ्टर, दार उघडे ठेवते. अनेक रुग्णांचा श्वास त्यामुळे मोकळा झाला. मात्र तेथील जाहीर किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक! हिशेब जाणणाऱ्या वाचकाला याहून अधिक सांगणे नको.

आपल्याकडे नेमका हा बदल युरोपइतका आढळत नाही. याच जनुकातील इतर बदलही दिसतात. आईवडील दोघेही धडधाकट असून सदोष जनुकाचे वाहक असू शकतात. तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. बाळाचे वजन वाढत नसेल, खोकला हटत नसेल आणि कातडी खारट लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घामातील क्लोराइडच्या चाचणीविषयी अवश्य विचारावे. या चाचणीत रक्त काढावे लागत नाही.