एकाचे ५४ डिस्पोजल, दुसऱ्याचा एक कॅच : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये भारी खेळाडू ठरवतात कसा?

मेलबर्नचं एमसीजी आपल्याला माहिती आहे ते क्रिकेटमुळे. पण तिथल्या लोकांसाठी हे मैदान तितकंच त्यांच्या फुटबॉलचंही आहे. याच मैदानावरच्या दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट मार्च २०१८ ची. हॉथॉर्न विरुद्ध कॉलिंगवूड मॅच. हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने या एका मॅचमध्ये ५४ डिस्पोजल केले. म्हणजे चेंडू मिळवून तो ५४ वेळा किकने किंवा हाताने पुढे दिला. १९८९ पासून ग्रेग विल्यम्सच्या नावावर असलेला ५३ चा विक्रम मोडला.

दुसरी गोष्ट सप्टेंबर २००५ ची. ग्रँड फायनल. सिडनी स्वान्स वेस्ट कोस्ट ईगल्सपेक्षा फक्त ४ गुणांनी पुढे. शेवटचे काही सेकंद उरलेले आणि चेंडू उंच उडून सिडनीच्या गोलकडे आला. सिडनीचा बचावपटू लिओ बॅरी खेळाडूंच्या घोळक्यात झेपावला आणि त्याने तो हवेतच पकडला. सायरन वाजला. स्कोअर ५८-५४. सिडनीने तब्बल ७२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं.

आता गंमत बघा. आकड्यांच्या तक्त्यात बॅरीच्या त्या कॅचची नोंद होते 'मार्क : १'. एएफएल फँटसी या खेळात एका मार्कचे ३ गुण आणि कुठल्याही साध्या किकचेही ३ गुणच!

मग आकडे खोटं बोलतात का? नाही. पण आकडा नेमकं काय मोजतोय हे आधी समजून घ्यावं लागतं.

खेळ काय आहे?

१८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटर्सना फिट ठेवायला एखादा खेळ हवा. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांतून गेली की 'बिहाइंड', म्हणजे १ गुण. चेंडू फेकायला बंदी आहे. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, याला म्हणतात हँडबॉल. किकवर आलेला चेंडू हवेत स्वच्छ पकडला तर तो मार्क. मार्क घेतला की कुणी अडवायला न येता निवांत किक मारता येते.

हे सगळं मोजतं कोण?

चॅम्पियन डेटा ही कंपनी. १९९० च्या दशकाच्या मध्यात ती टेड हॉपकिन्सने सुरू केली. हा माणूस स्वतःच आकड्यांना चकवणारं उदाहरण आहे. १९७० च्या ग्रँड फायनलमध्ये हाफटाइमला कार्लटन ४४ गुणांनी मागे होती. बदली खेळाडू म्हणून बसलेल्या हॉपकिन्सला मैदानात पाठवलं आणि त्याने ४ गोल मारले. कार्लटनने मॅच १० गुणांनी जिंकली. त्याची कारकीर्द मात्र छोटीच राहिली. एकूण गोलांच्या यादीत तुम्ही त्याला शोधायलाही जाणार नाही.

डिस्पोजल का फसवतं?

किक अधिक हँडबॉल, म्हणजे डिस्पोजल. मोजायला सोपं, म्हणून टीव्हीवर आणि सोशल मीडियावर हाच आकडा सगळ्यात जास्त फिरतो. पण शेजारच्या मोकळ्या साथीदाराला दिलेला दोन मीटरचा हँडबॉल आणि तीन जण अंगावर असताना ५० मीटर लांब मारलेली अचूक किक, दोन्ही इथे 'एक'च. किक सरळ विरोधी खेळाडूच्या हातात गेली तरी तीही 'एक'च.

शिवाय चेंडू सतत मिडफिल्डरच्या आसपास असतो. फुल-बॅकचं काम समोरच्याला चेंडू मिळू न देणं. त्याने काम चोख केलं तरी त्याच्या स्वतःच्या नावापुढे आकडा छोटाच दिसतो. आणि मग तोच स्क्रीनशॉट फिरवून लोक त्याला ट्रोल करतात. दहाव्या नंबरवर खेळणाऱ्या बॉलरला रनांवरून नावं ठेवण्यासारखंच हे झालं.

मग बघायचं काय?

भूमिकेनुसार आकडे बदलतात.

- कंटेस्टेड पझेशन : कुणाचाच ताबा नसलेला चेंडू झुंजून मिळवला का? मोकळ्या जागेत आयता मिळालेला चेंडू यात धरत नाहीत.
- क्लिअरन्स : चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू झाल्यावर गर्दीतून तो बाहेर कुणी काढला?
- हिट-आउट टू अ‍ॅडव्हांटेज : उंच रकमन उडी मारून चेंडूला टोला देतो, तो हिट-आउट. पण तो आपल्याच माणसाच्या हातात पडला का, हे इथे कळतं.
- इंटरसेप्ट आणि स्पॉइल : बचावपटूने विरोधकांचा चेंडू किती वेळा मधेच घेतला किंवा मूठ मारून उडवला?
- स्कोअर इन्व्हॉल्व्हमेंट : गुण मिळवून देणाऱ्या साखळीत हा खेळाडू किती वेळा होता?

चेंडूची 'किंमत' काढणारं गणित

चॅम्पियन डेटाचं प्लेअर रेटिंग याच्या एक पाऊल पुढे जातं. कल्पना सोपी आहे. मैदानावरच्या प्रत्येक परिस्थितीची एक किंमत असते. चेंडू इथे, अमुक टीमकडे, इतक्या दबावाखाली असेल तर पुढे सरासरी किती गुण होतात, हे हजारो जुन्या प्रसंगांवरून काढता येतं.

समजा, तुम्हाला चेंडू मिळाला तेव्हा परिस्थितीची किंमत १ गुण होती. तुमच्या किकनंतर साथीदाराने गोलसमोर मार्क घेतला आणि किंमत ४ झाली. म्हणजे वाढ ३ गुणांची. किक विरोधकाकडे गेली असती तर वजाबाकी झाली असती. (हे आकडे फक्त समजण्यासाठी.) म्हणजे किती वेळा चेंडू खेळलात यापेक्षा प्रत्येक वेळी टीमची स्थिती किती सुधारली, हे महत्त्वाचं.

सुपरकोच या दुसऱ्या फँटसी खेळातही असाच विचार आहे. तिथे प्रत्येक मॅचचे एकूण ३,३०० गुण ठरलेले असतात आणि चुरशीच्या मॅचमध्ये शेवटी केलेल्या कामाला जास्त वजन मिळतं. बॅरीचा तो कॅच इथे नुसत्या ३ गुणांवर भागला नसता.

संदर्भ सुटला की आकडा फसला

२०२० च्या ग्रँड फायनलमध्ये रिचमंडच्या डस्टिन मार्टिनचे डिस्पोजल होते २१. मोठा मिडफिल्डर ३० च्या आसपास जातो, म्हणजे हा आकडा साधाच वाटतो. पण त्याने ४ गोल मारले आणि ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल तिसऱ्यांदा जिंकलं. त्यातही २०२० मध्ये कोविडमुळे क्वार्टर २० ऐवजी १६ मिनिटांचे होते. वेळच २० टक्के कमी. पूर्ण वेळेच्या हिशोबाने २१ चे साधारण २६ होतात. त्या वर्षीचे आकडे दुसऱ्या वर्षाशी थेट जुळवले की गडबड झालीच.

उलट बाजूही लक्षात घ्या. मोठा आकडा म्हणजे पोकळच, असंही नाही. ५४ डिस्पोजलवाल्या मिचेलनेच २०१८ चं ब्राउनलो मेडल जिंकलं. १९२४ पासून दिलं जाणारं हे मेडल अंपायरच्या मतांवर ठरतं. प्रत्येक मॅचनंतर अंपायर तिघांना ३-२-१ मतं देतात. पण माणसाचे डोळेही चेंडूच्याच मागे धावतात. म्हणून या शतकातले बहुतेक विजेते मिडफिल्डर आहेत.

आणि काही गोष्टी तक्त्यात नीट उतरतच नाहीत. साथीदारासाठी जागा मोकळी करायला मारलेली धाव, किंवा आपण मार्किंग करतोय म्हणून समोरच्याकडे चेंडूच न येणं. टीम निवडताना कोच आकड्यांसोबत व्हिडिओही बघतात, ते यासाठीच.

पुढच्या वेळी स्टॅट दिसला की...

तीन प्रश्न विचारा. हा खेळाडू कुठल्या जागेवर खेळतो? हा आकडा किती वेळात आणि किती मॅचमध्ये जमला? आणि त्याने चेंडू खेळल्यावर पुढे काय झालं?

तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो स्क्रीनशॉट फॉरवर्ड करायची घाई नको.