मे महिन्यात कॉलेज बंद, शुक्रवारी ऑफिस रिकामं: मग व्हेंडिंग मशीनचा धंदा वाढवायचा कसा?

इन्स्टाग्रामवर एक रील अधूनमधून समोर येतंच. चकचकीत व्हेंडिंग मशीन, आत रांगेत लावलेली चिप्सची पाकिटं आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘झोपेत पैसे कमवा’. ना दुकान, ना नोकर, ना गल्ला. मशीन आणायचं, प्लगला लावायचं आणि यूपीआयचे मेसेज मोजत बसायचं.

रीलमध्ये एक गोष्ट नसते, ती म्हणजे मे महिना.

मे महिन्यात नेरूळ-खारघर पट्ट्यातल्या कॉलेजांची परीक्षा आटोपते आणि कॉरिडॉर ओस पडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीला अर्धी नवी मुंबई कोकणात आणि गावाला गेलेली असते. दिवाळीत आयटी पार्क शांत होतात. ज्या कंपन्यांत आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम चालतं, तिथे शुक्रवारी कॉफीला रांग नसते. मशीनच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणूनच या धंद्यात कोण टिकणार हे बहुतेक वेळा मंदीच्या महिन्यांत ठरतं. या काळात नेमकं काय करता येतं ते समजून घेऊया.

आधी गणित समजून घ्या

टपरीवाला पावसात भजी तळायला घेतो, उन्हात सरबत ठेवतो आणि भाव स्वतः ठरवतो. मशीनवाल्याला हे स्वातंत्र्य नसतं. पॅकबंद वस्तू छापील किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. ‘थंड करून दिलं’ म्हणून वर दोन रुपयेही लावता येत नाहीत. त्यामुळे कमाई होते ती खरेदीच्या दरात मिळणाऱ्या सवलतीतूनच.

उदाहरणासाठी एक मशीन धरूया. रोज 80 वस्तू विकल्या जातात, सरासरी किंमत 25 रुपये. म्हणजे दिवसाला 2,000 रुपये. महिन्याचे 25 दिवस धरले तर विक्री 50,000 रुपये. त्यावर 20 टक्के सुटतात असं मानलं तर हातात 10,000.

आता खर्च. जागेचं भाडं 3,000, वीज आणि इंटरनेट 1,200, माल भरायला जाण्या-येण्याचे 1,800. एकूण 6,000. उरले 4,000. हप्ता असेल तर तो यातूनच जाणार.

मे महिन्यात विक्री निम्मी झाली. सुटले 5,000 आणि खर्च तोच, 6,000. म्हणजे हप्ता भरायच्या आधीच खिशातून 1,000 रुपये गेले.

विक्री निम्मी झाली म्हणून नफाही निम्मा होईल, असं नवखा माणूस धरून चालतो. इथे तर नफा संपून तोटा सुरू झाला, कारण विक्री घसरली तरी खर्च जागचा हलला नाही. मंदीतलं पहिलं काम तेच, खर्चाला विक्रीबरोबर खाली यायला लावणं.

भाडं ठरावीक नको, विक्रीवर द्या

वरच्याच मशीनसाठी दुसरा करार करून बघू. जागेच्या मालकाला 3,000 रुपये भाड्याऐवजी विक्रीच्या 7 टक्के द्यायचे. चांगल्या महिन्यात त्याला 3,500 मिळतील, म्हणजे आधीपेक्षा 500 जास्त. मंदीच्या महिन्यात 1,750.

त्यात माल भरायच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर तो खर्च 1,800 वरून 900 वर येतो. वीज-इंटरनेटचे 1,200 तसेच राहतात. एकूण खर्च 3,850, सुटलेले 5,000. उरले 1,150.

मशीन तेच, महिना तोच, ग्राहकही तेवढेच. तरी उणे 1,000 चे अधिक 1,150 झाले.

अशी बोलणी सुगीच्या दिवसांत होत नाहीत. मशीन जोरात चाललेलं असताना मालकाला भाडं वाढवून हवं असतं. सुट्टीत तेच मशीन बंद पडून जागा अडवतंय हे त्यालाही दिसत असतं. तेव्हा महिन्याच्या विक्रीचा आकडा समोर ठेवून बोलता येतं. हा आकडा दोघांनाही दिसायला हवा. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये विक्रीची नोंद मोबाइलवर मिळते, ती जागेच्या मालकालाही दाखवली तर ‘विकलं जास्त, दाखवलं कमी’ असा संशय राहत नाही.

सगळी मशीन एकाच कॅलेंडरवर नकोत

नवी मुंबईचा या बाबतीत मोठा फायदा आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि हे शहर आखून वसवलं गेलं. त्यामुळे वेगवेगळ्या कामाचे पट्टे इथे जवळजवळ आहेत. ऐरोली, घणसोली, महापेला आयटी पार्क आणि ऑफिसं. त्यांना लागूनच एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. वाशी-तुर्भ्याला एपीएमसी मार्केट. नेरूळ, बेलापूर, खारघरला कॉलेजं आणि हॉस्पिटलं. मध्ये सगळीकडे सोसायट्या.

प्रत्येक पट्ट्याची मंदी वेगळ्या वेळी येते:

- ऑफिस: आठवड्याच्या मधल्या दिवसांत गर्दी, शनिवार-रविवारी शुकशुकाट. दिवाळी आणि डिसेंबरअखेर मंद.
- कॉलेज: जून-जुलैपासून गजबज, परीक्षेनंतर एकदम शून्य.
- कारखाना: शिफ्ट बदलताना विक्री. रात्रपाळी असेल तर रात्रीही, कारण तेव्हा कॅन्टीन आणि टपऱ्या बंद असतात.
- हॉस्पिटल: रविवार नाही, दिवाळी नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला पहाटे 3 वाजताही चहा आणि बिस्किट लागतं.
- सोसायटी, जिम: संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस, म्हणजे ऑफिसच्या बरोबर उलट.

चार मशीन असतील आणि चारही कॉलेजात असतील, तर मे महिन्यात चारही एकदम बसतात. एक कॉलेज, एक हॉस्पिटल, एक कारखाना आणि एक सोसायटी असेल तर एकाची मंदी दुसरा भरून काढतो. म्हणून पुढची जागा शोधताना ‘इथे गर्दी किती?’ एवढं विचारून भागत नाही. ‘आपलं आधीचं मशीन मंद असतं, तेव्हा इथे गर्दी असते का?’ हेही बघावं लागतं.

जागा शोधायलाही हाच काळ बरा. सोसायटीत मशीन ठेवायचं तर व्यवस्थापकीय समितीची मंजुरी लागते, कंपनीत ॲडमिन विभागाची. यात आठवडे जातात. मे महिन्यात सुरू केलेली बोलणी जून-जुलैत फळतात. रेल्वे आणि मेट्रो स्टेशनच्या जागा मात्र टेंडरने जातात, तिथे नवख्या माणसाने लगेच उडी घेऊ नये.

पावसात थंड पेय कोण पिणार?

मंदी माणसांच्या सुट्टीमुळे येते तशी हवेमुळेही येते. जुलैच्या धो-धो पावसात कोल्ड्रिंकचे रकाने तसेच भरलेले राहतात आणि बाहेर टपरीवर कटिंगला गर्दी असते.

जपानमध्ये यावर सोपा उपाय आहे. तिथे सगळ्या प्रकारची मिळून 40 लाखांच्या आसपास मशीन आहेत. थंडीची चाहूल लागली की त्याच मशीनमधले काही रकाने गरम केले जातात आणि तिथे गरम कॉफी, चहा, सूप येतं. गरम पेयाखाली लाल पट्टी, थंड पेयाखाली निळी. ऋतू बदलला की रकाने बदलतात, मशीन तेच राहतं.

आपल्याकडच्या साध्या मशीनमध्ये गरम-थंड अशी सोय बहुधा नसते, पण रकाने बदलणं हातात असतंच. पावसाळ्यात थंड पेयांचे काही रकाने कमी करून तिथे कप नूडल्स, खाकरा, चिक्की, शेंगदाणे ठेवता येतात. कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत पेन, पेन्सिल, सॅनिटरी पॅड यांना मागणी असते. यातल्या बऱ्याच वस्तू लवकर खराब होत नाहीत, त्यामुळे पडून राहिल्या तरी लगेच नुकसान नाही.

सँडविचसारखा ताजा माल मात्र मंदीत सगळ्यात आधी कमी करावा. एक न विकलेलं सँडविच चार-पाच विकलेल्या सँडविचचा नफा खाऊन टाकतं. पॅकबंद मालातही ज्याची मुदत आधी संपते, ते पाकीट पुढे लावायचं.

चहा-कॉफीचं गणित वेगळं आहे. मशीनमध्ये तयार होणाऱ्या कपाला छापील किंमत नसते, दर ठरवता येतो. पण इथे पावसाळा दुसरा त्रास देतो. खाडीकाठच्या दमट हवेत दूध पावडर आणि साखर ओल धरते, गुठळ्या होतात आणि कप अर्धाच भरतो. मंदीचे दिवस म्हणूनच डबे रिकामे करून धुण्याचे, पाइप साफ करण्याचे आणि अर्थिंग तपासण्याचे. जोरात चाललेलं मशीन दोन दिवस बंद ठेवणं परवडत नाही. मे महिन्यात परवडतं.

जीएसटी बदलला, हिशोबही बदला

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. नमकीन, बिस्किटं, चॉकलेट आणि साधं बाटलीबंद पाणी 5 टक्क्यांवर आलं. कोल्ड्रिंकसारखी गॅस भरलेली पेयं 40 टक्क्यांच्या गटात गेली. कर कमी झाल्यावर काही वस्तूंची छापील किंमत उतरली, तर 5 आणि 10 रुपयांच्या अनेक पाकिटांत किंमत तीच ठेवून वजन वाढलं.

मशीनवाल्यासाठी याचा अर्थ असा की, ज्या वस्तूची किंमत उतरली तिच्यावर तेवढेच टक्के सुटले तरी रुपये कमी हातात येतात. जुन्या वहीवर विसंबून चालणार नाही. कोणत्या रकान्यातून महिन्याला किती रुपये सुटतात, हा हिशोब रकान्यानुसार नव्याने मांडायला हवा.

कॅफे घटले, मशीन वाढली

मंदीतून मशीनच्या आधाराने वर येण्याचं मोठं उदाहरण म्हणजे कॅफे कॉफी डे. संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचं 2019 मध्ये निधन झालं. कंपनीवर कर्जाचा डोंगर होता आणि पाठोपाठ कोरोना आला. ऑफिसं बंद, कॅफे बंद.

मार्च 2021 अखेर कंपनीचे 572 कॅफे आणि 36,326 व्हेंडिंग मशीन होती. मार्च 2022 अखेर कॅफे 495 वर आले, मशीन 38,810 झाली. मार्च 2023 अखेर कॅफे आणखी घटून 469, मशीन 48,788. कर्जाचा प्रश्न यामुळे सुटला नाही. पण एक गोष्ट दिसली. तोट्यातला कॅफे बंद केला की सजावटीवर केलेला खर्च बुडतो. मशीन टेम्पोत घालून दुसऱ्या ऑफिसात नेता येतं.

छोट्या मशीनवाल्याकडेही हीच ताकद आहे. पण बरेच जण ‘आज ना उद्या चालेल’ म्हणत मशीन वर्षभर एकाच मंद जागी ठेवतात. सुट्टी किंवा पावसासारखं कारण नसताना तीन महिने विक्री खर्चाच्या खाली राहिली, तर जागा चुकली असं समजून मशीन हलवलेलं बरं.

मग दुसरं मशीन कधी घ्यायचं?

मंदीत जुनी मशीन स्वस्तात विकायला निघतात. कंटाळलेला मालक, अर्धी किंमत, मोह होतोच. घेण्याआधी कॉम्प्रेसर चालतो का, यूपीआयचं पेमेंट यंत्र सुरू आहे का, सॉफ्टवेअर जुन्या कंपनीच्या नावावर अडकलेलं नाही ना आणि सुटे भाग मिळतात का, हे बघावं. पैसे कापले आणि वस्तू अडकली तर रक्कम आपोआप परत जाते का, हेही. 20 रुपये अडकलेला ग्राहक परत येत नाही, आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो ते वेगळंच.

कागदपत्रंही याच काळात पूर्ण करावीत. खाद्यपदार्थ विकणाऱ्या मशीनसाठी धंद्याच्या आकारानुसार एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. शाळेत मशीन ठेवायचा विचार असेल तर 2020 चे नियम वाचावेत. शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. म्हणजे नेहमीचे चिप्स आणि कोल्ड्रिंक तिथे बाद.

पहिल्या मशीनने एक पूर्ण वर्ष काढलं, त्यात मे, गणपती आणि दिवाळी येऊन गेली आणि तरीही हप्ता त्याच्याच कमाईतून भरला गेला, तर दुसऱ्याचा विचार करायला हरकत नाही. फक्त जुलै ते सप्टेंबरची विक्री बघून कर्ज काढलं, तर पुढचा मे महिना दोन हप्ते घेऊन येतो.

नवी मुंबईत नव्या जागा येतच राहणार आहेत. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली, विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. त्याभोवती हॉटेलं, गोदामं आणि ऑफिसं वाढतील. तिथे मशीन कोण ठेवणार? ज्याच्याकडे मागच्या बारा महिन्यांचा रकान्यानुसार हिशोब तयार आहे, त्याला जागेच्या मालकासमोर बसणं सोपं जाईल. आणि ती वही लिहायला मे महिन्याइतकी फुरसत पुन्हा मिळत नाही.